मांजरीखालचे चाळीस व्होल्ट

जळलेली मोटर घेऊन येणारा माणूस दुकानाची पायरी चढता चढताच सांगतो, "काही केलं नाही हो, आपोआप गेली." चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. विहिरीत पाणी नसताना दोन तास पंप चालू राहिलेला असतो, मिक्सरमध्ये अख्खी हळकुंडं घातलेली असतात, वॉशिंग मशीनमध्ये गोधडी कोंबलेली असते, आणि मोटर मात्र बिचारी आपोआप गेलेली असते. मी झाकण उघडायचं, वास घ्यायचा. करपलेल्या वार्निशचा वास आला की हा माणूस किती खोटं बोलतोय ते मला कळायचं. आता दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण घरात कुणी भाकरी करपवली तरी मला आधी मोटरच आठवते.

आमचं दुकान अलिबागहून रेवसला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. मोटर वाइंडिंगचं. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरीच्या पोटात लोखंडाचं कडं असतं, त्याला आतून खाचा असतात, आणि त्या खाचांत तांब्याच्या बारीक तारेचे शेकडो वेढे बसवलेले असतात. तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळला की वेढ्याला वेढा लागतो आणि मोटर गेली. मग जुनी तार उपसायची, वेढे मोजायचे, त्याच जाडीची नवी तार तेवढ्याच वेढ्यांची बसवायची, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. ह्याला मोटर भरणं म्हणतात. मोजताना एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. माझी थोरली मुलगी लहान असताना मला काहीही विचारायची आणि मी म्हणायची, "एकशे चौदा." तिला बरीच वर्षं वाटत होतं की आई रागावली की आकडे बोलते.

पाटीवर नाव आमच्या ह्यांचं. आय.टी.आय. ह्यांनी केलेलं, हात माझा. हे पुढं टेबलाशी बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे आणि मी पडद्यामागं मोटरी भरायची. बाईनं भरलेली मोटर म्हटल्यावर लोक ती विहिरीत सोडायच्या आधी नारळ फोडतील, असं ह्यांचं म्हणणं. लोक येऊन म्हणायचे, "शेठ, काय हात आहे तुमचा!" आणि हे मान खाली घालून म्हणायचे, "कसचं काय, सराव." एके दिवशी माझी सटकली. मी आतून ओरडले, "सराव कुणाचा तेही सांगा!" गिऱ्हाईक दचकलं, हे चहा आणायला पळाले, आणि त्या संध्याकाळी मी पडदा काढून त्याची पायपुसणी केली.

ह्यांचं आय.टी.आय.चं पुस्तक मला माळ्यावर सापडलं होतं. इतकं कोरं की पानं एकमेकांना चिकटलेली. माझं शिक्षण दहावी, तेही गणितात काठावर. पण त्या पुस्तकानं मला वेड लावलं. त्यात एक साधी गोष्ट होती. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो, आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. बस्स, एक भागाकार आणि एक गुणाकार. रेवसच्या धक्क्याला लाँच लागते तेव्हा उतरायला एक फळी टाकतात, ती डोळ्यांपुढं आणा. मागून लोक जो रेटा देतात तो व्होल्ट. मिनिटाला जेवढी माणसं फळीवरून पार होतात ते अँपिअर. फळी अरुंद असली, लांब असली, की माणसं अडतात, तो रोध. आणि त्या सगळ्या रेटारेटीत जो घाम निघतो तो वॅट. मोटरीसारख्या वस्तूत ह्यात आणखी एक भानगड असते, ती मी सांगत बसत नाही. पण साधी तार, इस्त्री, गीझर ह्यांना हा हिशोब चोख लागू पडतो.

ह्या दोन गणितांवर मी किती ठिकाणी भाव खाल्ला म्हणून सांगू! शेजारच्या गावात एका हळदीच्या मांडवात दर दहा मिनिटांनी फ्यूज उडत होता. मला बोलावलं तोवर नवरदेवाचा एक मामा फ्यूजमध्ये सायकलचा आरा घालायला निघालेला. मी त्याच्या हातातून आरा काढून घेतला आणि घरात काय काय चालू आहे ते विचारलं. गीझर दोन हजार वॅट, इस्त्री हजार, पाण्याचा पंप साडेसातशे, खोबरं वाटणारा मिक्सर पाचशे. एकूण सव्वाचार हजार. भागिले दोनशे तीस, म्हणजे साडेअठरा अँपिअर, आणि फ्यूज पंधराचा. मी म्हटलं, "गीझर बंद करा, पावणेनऊ अँपिअर कमी होतील, बाकी सगळं चालेल." मामा म्हणाले, "मंग आमच्या आंघोळीचं काय?" बायका एका सुरात म्हणाल्या, "थंड पाणी!" सहा मामा कुडकुडत न्हाले, पण पुढं फ्यूज उडाला नाही. त्या दिवशी मला वाटलं, आता ह्या मुलखात विजेचं असं कोडं नाही जे मला सुटणार नाही. ह्याच तोऱ्यानं पुढं मला तोंडघशी पाडलं.

सुगंधा ही खाडीकडच्या गावातली सून. नवरा जहाजावर, आठ-नऊ महिने घरी नसायचा. घरात ती आणि सासरा, हिराजी तांडेल. ह्या म्हाताऱ्यानं उभा जन्म रेवस ते भाऊचा धक्का लाँच चालवली होती आणि आता अंगणात खुर्ची टाकून तो घर चालवत होता. सुगंधा आधी कोळंबी सोलायच्या कंपनीत जायची. उजाडायच्या आत टेम्पो न्यायला यायचा. दिवसभर बर्फातली कोळंबी सोलून तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली, नखांच्या कडा कुजलेल्या. चैत्रात तिनं हिंमत केली, घराच्या मागं पत्र्याची शेड घातली आणि तांदूळ दळायची गिरण टाकली. जुनी दीड हॉर्सपॉवरची मोटर, साध्या घरगुती लाइनवरची. गावात दुसरी गिरण नव्हती. पहिल्याच आठवड्यात डबे रांगेला लागले.

ज्येष्ठात मोटर जळली. मी भरून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा जळली. सुगंधा रिक्षातून ती मांडीवर घेऊन आली, आजारी लेकराला आणावं तशी. "मावशी, मी खरंच काय केलं न्हाय हो," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मला वाटलं की हे कुणीतरी खरं बोलतंय. मग मात्र मला शंका आली की तिच्याकडं व्होल्टेज कमी येत असणार. दाब कमी पडला की मोटर काम तेवढंच ओढायला जास्त करंट घेते, तापते आणि जळते. म्हणून मी मीटर घेतला आणि स्वतः तिच्या घरी गेले. पडवीत विजेच्या मीटरजवळ मोजलं, दोनशे तीस. शेडमध्ये गिरणीच्या बोर्डावर मोजलं, दोनशे तीस. अगदी काटेकोर. मी ऐटीत सांगितलं, "व्होल्टेज उत्तम आहे. लाइनमध्ये काही दोष नाही."

हिराजी तांडेल खुर्चीतून म्हणाला, "लाइन चांगली, गिरण चांगली. मंग दोष कुणाचा, बाय?"

मी घरी येऊन दुसऱ्यांदा मोटर भरली, प्रत्येक वेढा दोनदा मोजून. दुकानात दिवसभर चालवून बघितली. सुंदर चालली. तिच्या घरी गेली आणि श्रावण संपता संपता पुन्हा जळली. गणपती आठ दिवसांवर.

आता आमच्याकडं गणपतीच्या आधी तांदळाच्या पिठाचं काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. प्रत्येक घरात मोदकाचे तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून तयार. ते पीठ ताजंच हवं. सुगंधाच्या शेडमध्ये डब्यांची रांग दारापर्यंत आलेली, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, आणि गिरण बंद. हिराजी तांडेलानं चारचौघांत निकाल दिला. मी मोटर उचलायला गेले होते, माझ्या तोंडावरच.

"सारखी जळतेय. एक दिस घर जळल. आता जर परत जळली ना, तर गिरण भंगारात आणि सून कंपनीच्या टेम्पोत. आणि तुना सांगतो बाय, राग मानू नको, तुझ्या हाताला गुण न्हाय."

सुगंधा मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मना त्या बर्फात परत जायचं न्हाय." तिनं हात पदराखाली घेतले होते. पाच महिन्यांत बोटं जरा माणसात आली होती.

माझं डोकं फिरलं. मी मागं वळून तांडेलाला ओरडून सांगितलं, "ह्या खेपेला जळली तर मी दुकानाची पाटी उतरवीन!" घरी येऊन हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाटी माझ्या नावाची आहे."

तीन दिवस मी ती मोटर भरत होते आणि तीन दिवस एकच विचार करत होते. माझ्या दुकानात चालते, तिच्या घरी जळते. तिसऱ्या दिवशी वार्निश वाळत घालताना एकदम टाळक्यात प्रकाश पडला आणि मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मी तिच्या घरी व्होल्टेज मोजलं तेव्हा मोटर कुठं होती? माझ्या दुकानात! गिरण बंद होती, तारेतून करंटच जात नव्हता. करंट शून्य असला की तार कितीही वाईट असो, तिच्यात एक व्होल्टही पडत नाही, दोन्ही टोकांना सारखंच दिसतं. म्हणजे लाँच लागलेलीच नसताना मी रिकाम्या फळीवर उभी राहिले आणि इथं गर्दी नाही म्हणून सांगून आले. त्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण! ह्याची लाज मला आजही वाटते. माझ्या त्या एका ऐटीपायी सुगंधाची एक मोटर फुकट जळली.

चौथ्या दिवशी सकाळी मोटर, मीटर आणि टाँग टेस्टर घेऊन मी रिक्षानं निघाले. टाँग टेस्टर म्हणजे चिमट्यासारखं यंत्र, तार न कापता तिच्याभोवती धरलं की अँपिअर दाखवतं. मोटर बसवली. डबेवाल्या बायका दाराशी जमल्या. तांडेल खुर्ची उचलून शेडच्या तोंडाशी येऊन बसला, माझी पाटी उतरलेली बघायला.

"सुगंधा, गिरण चालू कर आणि दळायला तांदूळ घाल," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत बंद करू नकोस."

गिरण घरघरली. मी पडवीत धावले. दोनशे अठ्ठावीस. तिथून शेडमध्ये. बोर्डावर मीटर लावला आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. एकशे अठ्ठ्याऐंशी. टाँग टेस्टर धरला, दहा अँपिअर. मोटरीच्या पत्र्यावर आठ लिहिलेले. मी हातवारे करून गिरण बंद करायला लावली, खडू घेतला आणि पत्र्याच्या भिंतीवरच गणित मांडलं.

"पडवीतून निघाले दोनशे अठ्ठावीस, इथं पोचले एकशे अठ्ठ्याऐंशी. वाटेत चाळीस व्होल्ट गायब. चाळीस भागिले दहा, चार. ह्या तारेचा रोध चार ओहम."

"मंग?" तांडेल म्हणाला.

"पडवी ते शेड तार किती?"

"पंधरा मीटर."

"ह्या जाडीच्या पंधरा मीटर तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. चार म्हणजे सात-आठपट. तांडेलकाका, हिशोब सांगतो इथं शंभर मीटरच्या आसपास तार आहे."

तांडेल इतका हसला की खुर्ची डुगडुगली. डबेवाल्या बायकाही हसल्या. पडवीच्या वाशापासून शेडच्या वाशापर्यंत तार सरळ गेलेली सगळ्यांना दिसत होती. "गीन," तो म्हणाला, "पावलं टाकून गीन."

मी खरंच पावलं टाकली. पंधरा मीटर. एक बाई म्हणाली, "मावशींचा पाढा चुकला असंल." मी भिंतीवरचं गणित परत केलं. तेच. मग तारेचे जोड ढिले असतील म्हणून सगळे बोल्ट आवळले आणि सुगंधाला पुन्हा गिरण चालू करायला सांगितलं. पुन्हा तेच चाळीस. माझ्या पाठीवरून घाम वाहायला लागला. मला पाटी दिसत होती आणि त्याहून जास्त सुगंधाचे हात दिसत होते.

तेवढ्यात त्यांची मांजर आत आली. पिंगी नाव, गुबगुबीत. अहो, चालू गिरणीचा आवाज एवढा की माणसाला बोलणं ऐकू येईना, आणि ही बया शेपूट वर करून ऐटीत आत आली, पोत्यांवरून उडी मारून पत्र्याखालच्या माळ्यावर गेली आणि दिसेनाशी झाली. मी हातानं खूण केली. गिरण थांबली. पाच-सात मिनिटं माझी आवळाआवळ चालली, आणि पिंगी आळस देत खाली उतरून अंगणात गेली. पुन्हा चालू केली. पिंगीबाई पुन्हा हजर, पुन्हा वर.

"सुगंधा," मी गिरण बंद करायला लावून म्हटलं, "ही मांजर गिरण चालू असतानाच वर का जाते गं?"

"रोज जाते मावशी. तिथं गरम असतं. आबा पावसात माचीस बी तिथंच सुकवतात."

मी शिडी मागवली. वर चढले. रिकाम्या पोत्यांच्या मागं, मोठ्या खुंटीवर, तारेचं वेटोळं. काय सांगू त्याचं देखणेपण! लाँचवर दोर ठेवतात तसं, वळ्यावर वळा, मधोमध तिढा घालून बांधलेलं, आणि खाली फळीवर टेकलेल्या भागावर पिंगी पाय पोटाशी घेऊन बसलेली. आजूबाजूला चार काडेपेट्या मांडलेल्या. मी मांजरीला ढकललं आणि वेटोळ्याच्या आत हात घातला. हात झटकन मागं घेतला. वेटोळ्याच्या आतलं प्लॅस्टिक मऊ पडून एकमेकांना चिकटलं होतं.

चाळीस गुणिले दहा. चारशे वॅट. लहान इस्त्रीएवढी आग रोज दिवसभर त्या पोत्यांत, पिठाच्या धुळीत, काडेपेट्यांच्या शेजारी पेटलेली होती. खाली सुगंधा उभी होती, डोकं वर करून, आणि मला एवढंच सुचत होतं की ही पोर पाच महिने ह्याच्याखाली उभी राहून दळत होती.

खाली उतरले आणि तांडेलावर तोंड सोडलं. "ही तार काय आहे? पंधरा मीटर म्हणालात ना?"

तांडेल जराही बिचकला नाही. "पंधराच वापरलीया. वरची शिल्लक हाय. ती कुठं वापरतो आमी? ती तर नुसती ठेवलीया."

मी हसू की रडू! शंभर मीटरचं अख्खं बंडल त्यानं मुंबईहून लाँचवर घालून आणलं होतं. एक टोक पडवीत, एक टोक गिरणीत, आणि मधली तार न कापता वेटाळून माळ्यावर. त्याच्या हिशोबानं वेटोळ्यातली तार म्हणजे वापरात नसलेला दोर. मी त्याला समजावलं की वीज जवळची वाट बघून उडी मारत नाही, पडवीतून निघाली की माळ्यावरचा प्रत्येक वळा फिरून मगच मोटरीपर्यंत येते, दमूनभागून, चाळीस व्होल्ट वाटेत सांडून. त्यानं भिंतीवरच्या गणिताकडं बघितलं, मग माळ्याकडं. काडेपेट्यांचं त्याच्या तेव्हा ध्यानात आलं असावं, कारण त्यानं बसल्या बसल्या खुर्ची दोन वीत मागं सरकवली.

"पक्कड आणा," मी म्हटलं. "कापून टाकते."

"न्हाय."

"काका, घर जळेल."

"न्हाय म्हंतो ना!" तो उठून उभा राहिला. मग आवाज खाली आला. "बाय, चाळीस वर्सं लाँचवर होतो. दोर सोडला, बांधला, पन कापला कवाच न्हाय. आपला मानूस दर्यात असताना तर न्हायच न्हाय. पोरगा तिकडं जहाजावर हाय. गनपतीला येतो म्हनला हुता, त्याच्या बदलीचा मानूसच न्हाय आला. तो घरी येत न्हाय तवर ह्या घरात दोर कापायचा न्हाय."

सुगंधानं मान खाली घातली. मला कळलं की ह्या घरात तिच्याइतकंच हे म्हातारं रोज दर्याकडं डोळे लावून बसतं. आतापर्यंत मला ते ठाऊकच नव्हतं, मी त्याला नुसता खडूस समजत होते.

"कापायची नाही ना?" मी म्हटलं. "मग नका कापू. सोडवायला तर हरकत नाही?"

त्यानं विचार केला. "सोडवायला काय हरकत न्हाय."

मी ह्यांना फोन लावला. दुकानात पंपाच्या कामाची चांगली जाड तार सोळा मीटर उरली होती, ती घेऊन हे अर्ध्या तासात स्कूटरवर हजर झाले. जन्मात पहिल्यांदा इतक्या चपळाईनं. पाटीचा प्रश्न होता. मी दोन्हीकडचे बोल्ट सैल केले, आणि तांडेलानं लुंगी खोचून, सत्तरी उलटलेली असताना शिडीवर चढून, ते वेटोळं आपल्या हातानं खाली आणलं. चिकटलेले वळे हळूहळू सुटे केले. तार कुठंही कापली नाही. मग नवी जाड तार सरळ पडवी ते शेड लावली, एक मीटर उरली तीही मी त्याच्यादेखत कापली नाही, शेवटाला नुसती दुमडून ठेवली.

"चालू कर," मी सुगंधाला म्हटलं.

पडवीत दोनशे अठ्ठावीस. शेडमध्ये दोनशे सत्तावीस. टाँग टेस्टर, आठला जरा कमी. मोटरीचा आवाजच बदलला होता, आधी कण्हायची, आता गात होती. मी ओरडून आकडे सांगितले आणि ह्यांनी ते भिंतीवर लिहिले, जणू ह्यांनीच शोध लावलाय.

तांडेलानं भिंतीवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजे इतके दिस ते चाळीस गेले कुटं?"

"मांजरीखाली," मी म्हटलं.

आधी बायका हसल्या, मग तांडेल. पण मी सुगंधाकडं बघत होते. तिनं गिरणीच्या तोंडाशी दोन्ही हात धरले होते, ओंजळ भरून पीठ पडत होतं. गिरणीतून निघालेलं ताजं पीठ गरम असतं, दळणाऱ्यालाच ते माहीत. तिनं ती ओंजळ मनगटापर्यंत पिठात बुडवली आणि तशीच उभी राहिली. "गरम हाय मावशी," ती म्हणाली. मला रडू फुटलं. मोटरीच्या नावानं मी आयुष्यात तेवढ्या एकाच दिवशी रडले.

त्या वर्षी त्या गावात प्रत्येक घरी मोदक झाले. माझ्या घरी एकशे एक आले. हिराजी तांडेल आरतीला जमलेल्या प्रत्येकाला "चाळीस भागिले धा" समजावून सांगत होता, असं मला चार वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं. एका शाळामास्तरांना त्यानं चुकीचं शिकवता म्हणून झापलं. पिंगी मात्र रुसली. थंड माळ्यावर जाऊन ओरडायची, गिरणीपाशी येऊन सुगंधाच्या पायावर पंजा मारायची.

दसरा झाला आणि एका सकाळी तांडेल माझ्या दुकानात आला. खांद्यावर ते वेटोळं. मागं एक उंच, उन्हानं रापलेला माणूस संकोचून उभा. ओळख करून द्यायची गरजच नव्हती, नाक बापाचं होतं. तांडेलानं वेटोळं माझ्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी एक चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीनं चाळीस वॅट, भागिले दोनशे तीस, आणि त्यापुढं बरीच खाडाखोड.

"चाळीस वॅटचा एक बल्ब, जाळीच्या आत, माळ्याच्या खाली बसवायचा. पोती हटवली, माचीस बी हटवल्या. पिंगी रातभर रडते. किती अँपिअर लागतील ते काय मना जमलं न्हाय."

"पाव अँपिअरसुद्धा नाही," मी म्हटलं. "पण काका, त्याला तार लागेल. आणि ही तर..."

"काप," तो म्हणाला.

मी पोराकडं बघितलं. तो हसत होता, पण डोळे बापाकडं.

"काप म्हंतो ना. पोरगा घरी हाय."

मी पक्कड त्याच्याच हातात दिली. त्यानं ती घेतली, तारेवर धरली, आणि मला विचारलं, "किती?"

"मांजरीपुरती," मी म्हटलं.